हजेरीतला सारस

टक्… टक्… असा आवाज फागू ढिवराला ऐकू आला, तो अंड्याच्या आतून. फार फार वर्षं झाली त्याला. तळं तुडुंब भरलं होतं, सारसाचं घरटं पाण्यानं उचलून नेलं होतं आणि एकच अंडं कमळाच्या पानांत अडकून राहिलं होतं. फागूनं ते डोंगीतून घरी आणलं आणि लेकीच्या ओंजळीत ठेवलं. पिल्लानं कवच फोडलं, डोळे उघडले, तर समोर रेवंता. तीच त्याची आई झाली.

तिनं त्याचं नाव ठेवलं राजबा. ती दिसेनाशी झाली, की राजबा मान टाकून बसे, दाण्याला शिवत नसे.

गावात शाळा निघाली. पोरगी शिकावी, एवढीच फागूची आस होती. रेवंता म्हणाली, "जाईन बाबा, पण राजबाले घेऊन. मागं राहिला तर मरल तो."

गुरुजी हसले. "उद्या कोणी बोकड आणील! शाळा आहे की कोंडवाडा?"

फागू हात जोडून उभाच राहिला. मग गुरुजी थट्टेनं म्हणाले, "बरं. आठ दिवसांनी हजेरी घेतो. तिला जो ओ देईल, तो शाळेत बसेल. देईल तुझा राजबा?"

"देईल ना! काहून नाही देणार?" रेवंता म्हणाली. पोरं खिदळली.

असं म्हणतात, की रेवंता रोज तळ्याच्या पाळीवर बसून त्याला हाका मारी, आणि तो नुसता बघत राही. एवढ्या कोवळ्या सारसाला कंठ फुटत नाही, हे फागूला ठाऊक होतं. लेकीला सांगायला मात्र त्याची जीभ उचलेना.

ठरल्या दिवशी सारा गाव शाळेच्या अंगणात जमला. पोरांची नावं झाली. शेवटी गुरुजींनी हाक दिली, "राजबा!"

राजबा गप्प. दुसरी हाक झाली, तरी गप्प. रेवंतानं पाटी खाली ठेवली. "चाल बापा, घरी जाऊ," ती त्याला म्हणाली.

तेव्हा राजबानं मान आभाळाकडे केली आणि ओ दिली.

असं म्हणतात, की त्या हाकेनं तळ्यावरच्या लाटा जागच्या जागी थांबल्या. चारी दिशांच्या तळ्यांवरून सारस उठले. माणसाएवढे उंच, लाल मानेचे, जोडीजोडीनं अंगणात उतरले आणि एकेकानं ओ दिली. धानाच्या शेतातली, बांधीतली घरटी मोडून अंडी फेकणारे हात त्याच गर्दीत होते. ते आपसूक जोडले गेले.

गुरुजींनी टोपी काढली. "बसा," ते हळूच म्हणाले. "दोघंही बसा."

रेवंता शिकली. पुढं त्याच शाळेची बाई झाली, असं म्हणतात.

ज्या बांधीत सारस घरटं करतो, तिला त्या गावात अजून रेवंताची बांधी म्हणतात. तिथं धानाची रोवणी होत नाही. रोवणाऱ्या बाया कडेनं वळून जातात. मग मालक येतो. यंदा तेवढं धान गेलं, हे त्याला कळतं. घरट्याच्या त्या गवती ढिगाकडे तो क्षणभर बघतो, पायातल्या वहाणा हातात घेतो आणि बांधावरून निघून जातो.