चंद्राचा संशय आणि आगटीतलं कणीस

एकदा एका गुरुजींचा संयम सुटला. ज्यांनी उभा जन्म वर्गातल्या वांड पोरांना विज्ञान शिकवलं आणि कधी आवाज चढवला नाही, त्यांचाच सुटला, म्हणून ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, विश्वंभर. हुशार, पदवीधर, शेतीही उत्तम करी. पण अलीकडे मोबाइलवरच्या चित्रफितींनी त्याला पुरतं झपाटलं होतं. 'चंद्रावर कोणी गेलंच नाही' हा त्याचा ताजा शोध. असे संशोधक आता गल्लोगल्ली झाले आहेत. तुम्हालाही चहाच्या टपरीवर एखादा भेटत असेलच. त्यांना हसावं आणि सोडून द्यावं. गुरुजीही तेच करत होते. पण याचा संशय चंद्रावर थांबेना, तो घरात शिरला.

विश्वंभरच्या वडिलांना, माणिकअण्णांना, घशाचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडला आहे. किरणांचे उपचार घेतले, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'लाइट देणं' म्हणतात ते, तर बरे होण्याची चांगली आशा आहे. त्या वेळी मान हलू नये म्हणून अण्णांच्या चेहऱ्यावर बेतून एक जाळीदार मुखवटाही तयार झाला. आणि उपचार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हा पठ्ठ्या वडिलांना घरी घेऊन आला! का, तर किरणं माणसाला मारतात. पोरगं शिकलेलं आहे, त्याला जास्त कळतं, असं म्हणून अण्णा घरीच बसले.

ते पौषाचे दिवस होते. अण्णांच्या शेतात हुरडा धरला होता, म्हणून त्यांनी गुरुजींना सकाळीच बोलावणं धाडलं. बांधाजवळ खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली. पश्चिमेला उतरता, फिकट चंद्र अजून दिसत होता.

विश्वंभरने तिकडे बोट केलं. "गुरुजी, तुम्हीच सांगा. पृथ्वीभोवती किरणांचे पट्टे आहेत की नाहीत?"

"आहेत."

"घातक आहेत ना?"

"आहेत."

"झालं तर मग! त्यातून माणूस जिवंत जाईल कसा? सगळी थाप आहे. आणि असली किरणं मी माझ्या बापाच्या गळ्यावर सोडू?"

गुरुजींनी पूर्वी दोनदा समजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! या वेळी ते आगटीजवळ बसले आणि स्वतःच कणसं निखाऱ्यात खुपसू लागले. फिरवायची, चटकन हात मागे घ्यायचा, बेताची भाजली की ओढायची. अण्णा ती गरम कणसं तळहातावर चोळून हिरवागार हुरडा सुपात पाडत होते. गुरुजींनी चटणी आणि गूळ घेऊन खायला सुरुवात केली.

विश्वंभरने सुपाकडे हात नेला, तर गुरुजींनी सूप बाजूला ओढलं आणि एक कच्चं कणीस त्याच्या हातात ठेवलं.

"हे खा."

"कच्चं?"

"मग? आगीने सगळं जळतं ना? तुला धोका नको."

विश्वंभर कसनुसं हसला. गुरुजी हसले नाहीत. एक कणीस त्यांनी मुद्दाम निखाऱ्यात विसरल्यासारखं ठेवलं होतं. त्याचा कोळसा झाला, तेव्हा काडीने बाहेर ढकललं.

"आणि हा तुझा पुरावा. बघ, आग जाळते. खिशात ठेव, चित्रफीत काढ, चार गावांना दाखव. पण हुरडा मागू नकोस!"

"गुरुजी, थट्टा करताय."

"थट्टा? अरे, डोकं फुटायची वेळ आणलीस तू माझ्यावर!" गुरुजींचा आवाज इतका चढला की ज्वारीवरची पाखरं उडाली. "तू धादांत खोटं बोलत असतास तर मला सोपं होतं. तू अर्धं खरं बोलतोस आणि तिथेच बसकण मारतोस. आग आहे, एवढंच तुझं ज्ञान. ती किती, कुठून, किती वेळ, हे विचारायला तुला काय होतं? चंद्रावर गेलेले लोक त्या पट्ट्यांत मुक्कामाला गेले नव्हते. जिथे थर विरळ, तिथून वाट आखली आणि काही तासांत पार झाले. झळ मोजायची साधनं अंगावर होती, झळ थोडीच लागली. सूर्यावरून मोठं वादळ नेमकं तेव्हाच उठलं असतं, तर जिवावर बेतलं असतं. तोही हिशेब त्यांना ठाऊक होता. इथे डॉक्टरही तेच करतात. रोज थोडी, बरोबर त्या गाठीवर. त्रास होईल, तोंड सोलेल, घास उतरणार नाही. पण कणीस भाजायचं तर आगटीत हात घालावा लागतो, बाबा."

विश्वंभर हातातलं कच्चं कणीस नुसतंच फिरवत राहिला.

"चंद्रावर विश्वास ठेवू नकोस जा. त्याचं काही अडलेलं नाही. पण संशय तू घेतोस आणि भोगतोय हा माणूस. याला एकदा तरी विचारलंस?"

तेव्हा कुठे विश्वंभरने वडिलांकडे पाहिलं. अण्णा सकाळपासून सगळ्यांसाठी हुरडा चोळत होते. स्वतः त्यांनी चार दाणे तोंडात टाकले होते आणि तेच अजून घोळवत होते, कारण गिळताच येत नव्हते. दरवर्षी सूपभर हुरडा एकट्याने संपवणारा माणूस!

अण्णांनी ते दाणे हलकेच हातावर काढले, मुठीत लपवले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "विश्वा, त्यांनी तो माझा मुखवटा ठेवला असंल का रं अजून? का टाकून दिला?"

विश्वंभरच्या हातातलं कच्चं कणीस खाली पडलं. त्याने पायाने आगटीवर माती लोटली आणि वडिलांना हात देऊन उठवलं.

"ठेवला असंल, अण्णा. चला, आत्ताच निघू."