चिचुंद्रीचा काथ्या

एक होता मिस्त्री. त्याचं नाव तातोबा. तातोबा मिस्त्री म्हाताऱ्या गाड्या तरण्या करायचा. जन्मभर तेच केलं. त्याची स्वतःची गाडी? एकही नाही!

तो इंजिन उघडायचा. आतले वाल्व्ह काढायचा. खर्र खर्र, खर्र खर्र घासायचा. ज्या भोकातला वाल्व्ह, त्याच भोकात परत घालायचा. आणि म्हणायचा, "ज्याची जागा त्याला!"

गॅरेजात होती एक जुनी गाडी. गाडीत होती सीट. सीटला होतं भोक. भोकात मऊ मऊ काथ्या. आणि काथ्यात राहायची चिचुंद्री. तिला नुकतीच पिल्लं झाली होती. गुलाबी गुलाबी, एवढीश्शी.

एक दिवस मिस्त्रीने सीट उचलली. हिसका दिला, खस्सकन! पिल्लं घरंगळली, गेली ऑइलच्या रिकाम्या डब्यात. डबा थंडगार! आणि सीट गेली कुशनवाल्या मकबूलचाचाकडे. घरच गेलं की हो!

चिचुंद्री निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, माझं घर मला द्या!"

मिस्त्रीने नाक दाबलं. "शी, काय वास! मकबूलचाचा सीट शिवेल, मग बघू. चल हट!"

चिचुंद्री निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"मकबूलचाचा, मकबूलचाचा, सीट शिवा!
मिस्त्री घर देईना,
पिल्लं माझी थंड डब्यात, त्यांना झोप येईना!"

मकबूलचाचाने नाक दाबलं. "शी, काय वास! पत्रेवाला सीटखालचा पत्रा ठोकेल, मग शिवीन. चल हट!"

चिचुंद्री निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"पत्रेमामा, पत्रेमामा, पत्रा ठोका!
चाचा सीट शिवेना,
मिस्त्री घर देईना,
पिल्लं माझी थंड डब्यात, त्यांना झोप येईना!"

पत्रेवाल्याने नाक दाबलं. "शी, काय वास! लेथवाला बोल्ट करेल, मग ठोकीन. चल हट!"

नाकं बरी दाबता येतात सगळ्यांना!

चिचुंद्री निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"लेथकाका, लेथकाका, बोल्ट करा!
पत्रेवाला पत्रा ठोकेना,
चाचा सीट शिवेना,
मिस्त्री घर देईना,
पिल्लं माझी थंड डब्यात, त्यांना झोप येईना!"

लेथवाल्याने नाक दाबलं. "शी, काय वास! लेथ फिरवू कसा? वीज कुठाय? वायरमन वीज जोडेल, मग करीन. चल हट!"

चिचुंद्री निघाली तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले. तरी निघाली.

"वायरमनदादा, वायरमनदादा, वीज जोडा!
लेथवाला बोल्ट करेना,
पत्रेवाला पत्रा ठोकेना,
चाचा सीट शिवेना,
मिस्त्री घर देईना,
पिल्लं माझी थंड डब्यात, त्यांना झोप येईना!"

वायरमनने नाक दाबलं. "शी, काय वास! खांबावर चढलो की कावळीण टोच टोच टोचते. तिचं घरटं आहे वर. ती जाईल, मग जोडीन. चल हट!"

चिचुंद्री खांबाखाली गेली. मान वर केली.

"कावळेताई, कावळेताई, खांब सोड!
वायरमन वीज जोडेना,
लेथवाला बोल्ट करेना,
पत्रेवाला पत्रा ठोकेना,
चाचा सीट शिवेना,
मिस्त्री घर देईना,
पिल्लं माझी थंड डब्यात, त्यांना झोप येईना!"

कावळिणीने नाक दाबलं नाही. तिने नुसता पंख उचलला. पंखाखाली पिल्लं. उघडीबोडकी, चोची वासलेली. आणि पिल्लांखाली काय? काथ्या!

"अगं, हा तर माझा काथ्या!"

"असेल बाई. चाचाने उकिरड्यावर टाकला होता. मी उचलला. पण माझ्या पिल्लांना अजून उडता येत नाही गं."

चिचुंद्रीला फार राग आला. मग रडू आलं. ती म्हणाली, "राहू दे. उडू देत आधी."

ती परत गेली. थंड डब्यात शिरली. पिल्लांना पोटाशी घेतलं. रोज तसंच.

दिवस गेले. एका सकाळी कावळ्याची पिल्लं उडाली. फुर्र फुर्र! कावळीण म्हणाली, "घे गं तुझा काथ्या!" काथ्या खाली पडला, भप्प.

मग वायरमनने वीज जोडली. लेथवाल्याने बोल्ट केले. पत्रेवाल्याने पत्रा ठोकला. चाचाने सीट शिवली. मिस्त्रीने सीट बसवली. किल्ली फिरवली, घुर्र घुर्र घुर्र! गाडी झाली तरणीताठी. गाडीचा शेठ आला. पॉं पॉं! गाडी घेऊन गेला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

नव्या सीटला भोक नव्हतंच.

चिचुंद्री मिस्त्रीसमोर उभी राहिली. तोंडात काथ्या. काथ्या खाली ठेवला.

"मिस्त्रीमामा, तुम्ही म्हणता, ज्याची जागा त्याला. वाल्व्हला जागा दिलीत. बोल्टाला जागा दिलीत. मग माझी कुठाय?"

मिस्त्रीचा हात नाकाकडे गेला. मग खाली आला. त्याची मान पण खाली गेली.

"चुकलं माझं, बाई."

त्याने आपली हत्यारांची पेटी घेतली. खालचा खण रिकामा केला. काथ्या आत घातला, हाताने नीट पसरला. "हा खण तुझा. इथून तुला कोणी उठवणार नाही. जा, पिल्लं आण."

"पिल्लं नाहीत, मामा."

"कुठं गेली?"

"मोठी झाली. थंड डब्यातच मोठी झाली. गेली आपापल्या वाटेनं. फार उशीर केलात तुम्ही."

मिस्त्रीने गाडी गेली त्या वाटेकडे पाहिलं. त्याने कितीतरी गाड्या घडवल्या होत्या. एकही परत त्याला भेटायला आली नव्हती.

चिचुंद्री खणात गेली. काथ्या मऊ होता. ती गोल गोल फिरली आणि एकटीच निजली.

गाडी गेली धुरळ्यात, चिचुंद्री राहिली खणात. तुमची गादी मऊ आहे ना? आई जवळ आहे ना? मग झोपा आता मुकाट्यानं.