हत्तीझरीची चित्रं

हातणखोलच्या वरच्या वाडीत एक झरा आहे, हत्तीझर. भोवती कुंपण नाही, फाटक नाही. इथे हत्ती यायचे का, असं पाहुण्यांनी विचारलं की झिलूआजोबा त्यांना देवळाच्या पायरीवर बसवतात. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या ठाकरांच्या घरातले ते. मग सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, गावच्या देसायाने झऱ्याला बांध घातला आणि सगळं पाणी आपल्या पोफळीच्या बागेकडे वळवलं. चैत्रात खालच्या वाडीची विहीर आटली. गाळातलं पाणी पिऊन माणसं दगावली. त्यात आवडी ठाकरणीची तान्ही लेक गेली.

आवडी तेरा दिवस कुणाशी बोलली नाही. नुसती चित्रं काढत राहिली. जत्रेच्या दिवशी तिने ती देवळात मांडली. पहिल्या चित्रात रानातला एक हत्ती झऱ्यावर बसला. हरणं आली, ससे आले, हत्ती हलला नाही. शेवटच्या चित्रात हत्ती तसाच, आणि भोवती सगळी जनावरं आडवी पडलेली.

देसाई उठून गरजला, "हा हत्ती कोण?"

"हत्तीच आसा, देसाईंनू. माणूस तुमका दिसलो."

देसायाने तिथेच, देवीसमोर, तिचा उजवा अंगठा तोडवला. ढोलकऱ्याचे हात वरच्या वर राहिले. आवडी ओरडली नाही, असं सांगतात. रक्त लागू नये म्हणून तिने डाव्या हाताने चित्रं तेवढी बाजूला सारली.

सकाळी देसाई बाहेर पडला आणि थिजला. घरोघरच्या भिंतीवर हत्ती. गेरूचा, कोळशाचा, वेडावाकडा, पण बसलेला. चवताळून तो घरी परतला, तर त्याच्याच ओटीवर तसाच हत्ती. शेजारी त्याची म्हातारी आई, बोटं गेरूने लाल.

"मीच काढलंय. माझो पण आंगठो तोडतलंस?"

दुपारी देसाई कुदळ घेऊन एकटाच वर गेला आणि बांध फोडला. पाणी खाली पोचलं तशी माणसं भांडी घेऊन धावली. आवडी मात्र दारातून उठली नाही म्हणे.

आजही गावात कुणी निवडून आलं, की त्याला या चित्रांसमोर बसवतात. झिलूआजोबा एकेक चित्र उलटतात, तोंडातून अक्षर काढत नाहीत. गेल्या खेपेच्या सरपंचांनी मध्येच हसून विचारलं, "आजोबा, ही पोरांची गोष्ट ना?"

आजोबांनी शेवटचं चित्र समोर धरलं. सरपंचांचं हसू तिथेच विरलं.