जाळीवाल्याची मूठ

फार पूर्वी, डोंगरातल्या एका थंडगार नदीकाठी एक गळवाला राहायचा. कोंबड्याची पिसं तो गळाला अशी बांधायचा, की पाण्यावर खरी माशीच बसली आहे असं वाटावं. मासे तर फसायचेच, कधीकधी पाखरंही फसायची.

त्याचा जोडीदार होता एक जाळीवाला. ट्राउट जातीचा मोठा मासा एकट्या माणसाला बाहेर काढता येत नाही. एकाने काठावरून काठी आणि दोरी सांभाळायची, दुसऱ्याने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दमलेल्या माशाखाली हातजाळी धरायची. वीस वर्षं दोघांचं असंच चाललं होतं. कौतुक मात्र व्हायचं ते गळवाल्याचं. जाळीवाला ओल्या कपड्यांनी मागे कुडकुडत उभा असायचा.

गावची एक रीत फार कडक होती. ज्याच्या जाळीचा धक्का लागून मासा सुटेल, त्याने पुन्हा जाळी हाती धरायची नाही.

एकदा जत्रेच्या दिवशी सगळा गाव पुलावर जमला होता. तेवढ्यात गळवाल्याच्या पिसांच्या माशीवर झडप पडली. दीड हात लांब, लाल ठिपक्यांचा तपकिरी ट्राउट! असा मासा नदीत आहे असं म्हातारे सांगायचे, पण पाहिला कुणीच नव्हता.

"दोरी सोड," जाळीवाला म्हणाला. "पळू दे त्याला. दमला की आपणच येईल."

पण पुलावर टाळ्या पडत होत्या, आणि आमचा गळवाला तर केव्हाच हरभऱ्याच्या झाडावर चढला होता. त्याने दोरी मुठीत आवळली आणि जोराने ओढली. दोरी तटकन तुटली. मासा माशीसकट गेला.

पुलावरून एवढी बारीक दोरी कुणाला दिसणार? गळवाल्याने तुटलेलं टोक मुठीत लपवलं आणि तो ओरडला, "याची जाळी लागली! माशाच्या तोंडातून गळ निसटला!"

नाचता येईना, अंगण वाकडं. जाळीवाल्याने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मग जाळी काठावर ठेवली आणि तो घरी गेला.

त्या दिवसापासून गळवाल्याला अन्न गोड लागेना. जाळीवाला आता गवत कापून पोट भरत होता. तो वाटेत दिसला की गळवाला मान खाली घालून दुसऱ्या वाटेने जायचा. उद्या सांगू, असं रोज म्हणायचा. खोटं बोलल्याची लाज वाटत होती, पण खरं सांगायची त्याहून जास्त वाटत होती.

पुढच्या जत्रेला तोच मासा पुन्हा त्याच्या गळाला लागला. पण मासा सुटला तर आळ आपल्यावर येईल, म्हणून त्याच्या जोडीला आता कुणीच येत नसे. हातात काठी, कमरेला जाळी, काही जमेना.

काठावर गवत कापणारा जाळीवाला विळा टाकून धावला. त्याने गळवाल्याच्या कमरेची जाळी ओढून घेतली आणि पाण्यात उतरला.

"अरे, रीत मोडतोस!" पुलावरून कुणीतरी ओरडलं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"दोरी सोड," तो म्हणाला. "पळू दे त्याला."

या वेळी गळवाल्याने ऐकलं. मासा तीनदा पळाला, दमला, कुशीवर वळला आणि अलगद जाळीत आला.

त्याच्या जबड्यात दोन माश्या होत्या. एक आजची आणि एक जुनी. तीच पिसं, तीच गाठ, मागे वीतभर तुटलेली दोरी. जाळीवाल्याने ती जुनी माशी काढली आणि लोक जवळ यायच्या आत मूठ मिटून घेतली.

गळवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षापूर्वी त्यानेही अशीच मूठ मिटली होती, पण स्वतःला वाचवायला.

"मूठ उघड," तो म्हणाला.

"असू दे रे. झालं गेलं."

गळवाल्याने स्वतःच ती मूठ उघडली आणि माशी उंच धरली. "याची जाळी लागलीच नव्हती! तेव्हा गळ निसटला असता, तर आज जबड्यात कसा सापडला असता? दोरी मी तोडली. खोटं मी बोललो."

लोकांना पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला ते दोनदा सांगावं लागलं. पुलावर कुणी टाळी वाजवली नाही.

त्याने आपली काठी जाळीवाल्याच्या हाती दिली, जाळी स्वतः घेतली आणि नदीत उतरला. पाणी किती थंड असतं, हे त्याला वीस वर्षांनी कळलं.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारून कुणी सुटत नाही, खरं सांगायला जितका उशीर, तितकी लाज मोठी.