वाकड्या काकड्या

ओतूरच्या तान्हुबाई शेळकंदे यांना पुण्याच्या एका सुपरमार्केटने काकडी लावायला सांगितली होती. तोडणी झाल्यावर मात्र कंपनीने सरळ काकड्या तेवढ्या उचलल्या आणि जरा वाकलेल्या परत पाठवल्या. इतका कोवळा माल उकिरड्यावर टाकायचा, या विचाराने तान्हुबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी तोच माल टेम्पोत घातला आणि थेट दुकान गाठलं.

मॅनेजर सोनटक्के ऐन गर्दीत उभे होते. "खत करा त्याचं, मावशी," ते हसत म्हणाले. "वाकडं, डागाळलेलं, सुरकुतलेलं काहीही आम्ही दुकानात ठेवत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. गिऱ्हाईक आधी रूप बघतं."

तान्हुबाईंनी त्यांच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे कंपनीने तान्हुबाईंचाच भला मोठा हसरा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमचा शेतकरी, आमचा अभिमान'.

"मग आधी मला खाली उतरवा, साहेब. माझ्या कपाळावर सुरकुत्या आहेत, गालावर डाग आहे, दातही वाकडे आहेत. माझं तोंड दाखवून तुम्ही माल विकता, आणि माझाच माल तोंड बघून नाकारता?"

रांगेतल्या एक बाई पुढे आल्या आणि त्या काकड्या पिशवीत भरू लागल्या. मग बाकीचेही आले.

माल संपला, तरी तान्हुबाई हलल्या नाहीत. पुढच्या तोडणीची प्रत्येक काकडी घ्यायचं सोनटक्क्यांकडून चारचौघांत कबूल करून घेतलं, तेव्हाच त्या टेम्पोत बसल्या.