थरथरणारा सूर

कोणत्या राजाचं राज्य होतं हेही आता कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर राहत होता. हात मोठा कसबी, पण आपल्यालाच सगळं कळतं असं समजायची त्याला खोड होती.

एकदा एक म्हातारी फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन त्याच्याकडे आली. दोन लाकडी खोकी, मधे घड्यांचा भाता आणि एका बाजूला हाडाची बटणं.

"सून म्हणते, चूल फुंकायला घेऊ," म्हातारी म्हणाली. "पण माझे धनी ही छातीशी धरून वाजवायचे. ते गेले नि ही माळ्यावर पडली. आता माझे कान चाललेत, बाबा. पुरते जायच्या आत एकदा हिचा आवाज ऐकव."

कारागिराने वस्तू उलटसुलट करून पाहिली. बटण दाबून भाता ओढला की एक सूर, मिटला की दुसरा. "आजी, ही बटणांची पेटी. आपल्याकडे असली कुणी बनवत नाही. खलाशांबरोबर आली असणार."

"खलाशाकडूनच घेतली होती!" म्हातारी हरखली.

त्याने फाटका भाता बकरीच्या मऊ कातड्याने सांधला, आतली कोळिष्टकं काढली. प्रत्येक सुरासाठी आत पितळेच्या दोन पातळ पट्ट्या होत्या, पण दोन्हींचा आवाज किंचित वेगळा. "कुणा अडाण्याने केलंय हे!" म्हणत त्याने कानस घेतली आणि पहिली जोडी घासून अगदी एकसारखी केली. मग ऐटीत ते बटण वाजवून दाखवलं.

म्हातारीचा चेहरा पडला. "हा त्यांचा सूर नव्हे रे. तो असा ताठ नव्हता, थरथरायचा."

"तो दोष होता, आजी. मी काढला."

"असेल बाबा. पण मी त्यालाच ओळखते."

कारागीर वैतागला. तिची समजूत पटावी म्हणून त्याने शेजारचं, न घासलेलं बटण दाबलं. सूर थरथरत बाहेर आला.

"हाच! हाच तो!" म्हातारी ओरडली.

कारागिराने एकेक बटण वाजवून पाहिलं. प्रत्येक जोडीत तेवढाच फरक होता. चूक इतकी सारखी होत नाही. बनवणाऱ्याने तो फरक मुद्दाम ठेवला होता! कारागीर मनातून ओशाळला. त्याने म्हातारीला जवळ बसवलं आणि ती "हं, आता आला," म्हणेपर्यंत पहिल्या जोडीत हलक्या हाताने पुन्हा तेवढाच फरक आणला.

मग त्याने पेटी छातीशी धरून वाजवली. म्हातारीने झटकन डोक्यावर पदर घेतला आणि दाराकडे बघत ती म्हणाली, "आलात? केवढा उशीर!"

निघताना ती हात जोडू लागली, तर कारागिरानेच तिचे पाय धरले. "उपकार तुमचे, आजी. तुम्ही नसता तर दुरुस्त करता करता मी हिचा जीव घेतला असता."

त्यानंतर कुठलंही वाद्य आलं की तो आधी ऐकायचा, कानस मागाहून.

वेगळं आहे म्हणून ते बिघडलेलं असतंच असं नाही. सुधारायला जाण्याआधी समजून घ्यावं.