तुरतुरीची राळ्याची गोधडी

एक होती चिचुंद्री. एवढीश्शी! माझ्या अंगठ्याएवढी. नाक लांब, शेपूट लांब, आणि पाय? पायांचं तर विचारूच नका. दिवसभर तुरू तुरू, तुरू तुरू. म्हणून तिचं नाव तुरतुरी.

रात्र झाली की भावंडं निजायची. तुरतुरीही आडवी व्हायची. पण पाय कुठले ऐकतात! पाय आपले पळतच असायचे. इकडे चुळबुळ, तिकडे चुळबुळ. शेजारच्या भावाच्या पोटात लाथ!

"आई गं! हिला सांग ना!"

तुरतुरी तरी काय करणार? तिला झोपायचं होतं हो. पायांना नव्हतं झोपायचं.

आणि चिचुंद्रीची पिल्लं बाहेर कशी जातात, ठाऊक आहे? रांगेत! सगळ्यांत पुढे आई. आईची शेपूट पहिल्याच्या तोंडात. पहिल्याची शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. दुसऱ्याची शेपूट तिसऱ्याच्या तोंडात. सुटायचं नाही, हरवायचं नाही. निघाली आगगाडी!

पण तुरतुरीला रात्रभर झोप नाही ना. चालता चालता लागली डुलकी. तोंड उघडलं. शेपूट सुटली. रांग गेली पुढे, तुरतुरी राहिली मागे. गवत केवढं उंच! आणि आई कुठेच दिसेना. तुरतुरी रडली, आई शोधत आली, आणि आईचंही काळीज धडधड धडधड.

"नको गं बाई," आई म्हणाली. "झोप नाही, तर रांग नाही!"

मग आईनं एक युक्ती केली. तिनं राळे वेचले. राळे म्हणजे बारीक पिवळे दाणे. बाळाच्या उशीत भरतात ना, तेच. शिंपीणमावशीनं लुगड्याच्या चिंधीची गोधडी शिवली. शिंपीणमावशी म्हणजे पानं शिवून घरटं करणारी चिमुकली पाखरीण. गोधडीला छोटे छोटे कप्पे. कप्प्याकप्प्यात चिमूट चिमूट राळे. झाली जड गोधडी! आईनं ती तुरतुरीच्या अंगावर घातली.

"नाक बाहेर, शेपूट आत!"

आणि गंमत बघा. पाय हलू लागले, गोधडीनं हळूच दाबले. पाय पुन्हा हलले, गोधडीनं पुन्हा दाबले. आईनं कुशीत घेतल्यासारखं वाटलं. तुरतुरी घुर्र घुर्र झोपली की! सकाळी रांगेत शेवटपर्यंत चालली. शेपूट सुटली नाही.

आई खूश. तुरतुरी तर हवेत! आई म्हणाली, "उद्या नाकतोड्यांच्या माळावर जायचं. लांब आहे हं. आज रात्री नीट झोप."

आता हे ऐकून कुणी गप्प बसेल का? दुपारी आई भावंडांना घेऊन दाणापाणी आणायला गेली, तुरतुरी राहिली गोधडीपाशी. जाताना म्हणाली, "गोधडीला ऊन द्यायचंय. मी आले की दोघी मिळून उचलू." पण तुरतुरीला दम कुठला!

"दोघी कशाला? मीच नेते!"

धरलं गोधडीचं टोक आणि ओढत निघाली. सर्रर्र सर्रर्र. वाटेत होती बोरीची फांदी. फांदीला होता काटा. आणि...

टर्रर्र!

गोधडी फाटली. राळे सांडले. भुरुभुरु भुरुभुरु! तेवढ्यात आल्या मुंग्या. "हैश्शा! हैश्शा!" एकेक राळा डोक्यावर घेतला आणि गेल्या वारुळात. तुरतुरी बघतच राहिली.

आता रात्री झोप कशी येणार? आणि झोप नाही, तर रांग नाही! उद्याच तर माळ! तुरतुरीनं रिकामी गोधडी डोक्यावर घेतली आणि पळाली मुंग्यांकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.

"मुंगीताई, मुंगीताई, राळे द्या! माझे आहेत ते!"

"तुझे होय? बरं बाई, तुझे तर तुझे," मुंगीताई म्हणाली. "देऊ की! का नाही? पण गोधडी फाटकी. इकडून भरू, तिकडून सांडतील. आधी शिवून आण!"

तुरू तुरू, तुरू तुरू. तुरतुरी गेली शिंपीणमावशीकडे.

"शिंपीणमावशी, शिंपीणमावशी, गोधडी शिवा!
मुंग्या राळे देईनात.
राळ्यावाचून गोधडी हलकी.
हलक्या गोधडीत पाय थांबेनात.
पाय थांबेनात, झोप येईना.
झोप नाही, तर रांग नाही!"

"अगं बाई! काल शिवली आणि आज फाडलीस?" शिंपीणमावशीनं पंख कपाळाला लावला. "शिवीन की! का नाही? पण दोरा संपला. गोधडी राहू दे इथंच. कापूस असेल तर दोरा वळीन. आधी कापूस आण!"

तुरू तुरू, तुरू तुरू. तुरतुरी गेली कापसाच्या झाडाकडे. झाडावर एक बोंड. घट्ट मिटलेलं.

"बोंडाकाकू, बोंडाकाकू, उमला ना!
शिंपीण शिवेना.
मुंग्या राळे देईनात.
राळ्यावाचून गोधडी हलकी.
हलक्या गोधडीत पाय थांबेनात.
पाय थांबेनात, झोप येईना.
झोप नाही, तर रांग नाही!"

बोंडातून बारीकसा आवाज आला. "उमलीन की! का नाही? पण मला गार गार वाटतंय. आधी ऊन आण!"

ऊन? आता ऊन कुठून आणायचं? पिशवीत थोडंच मिळतं! पण तुरतुरी थांबते होय? चढली टेकाडावर. वर बघते तर काय, सूर्यआबा ढगाच्या मागे! नुसती कड दिसत होती, चकचक चकचक.

"सूर्यआबा, सूर्यआबा, ऊन पाडा!
बोंड उमलेना.
शिंपीण शिवेना.
मुंग्या राळे देईनात.
राळ्यावाचून गोधडी हलकी.
हलक्या गोधडीत पाय थांबेनात.
पाय थांबेनात, झोप येईना.
झोप नाही, तर रांग नाही!"

"पाडीन की! का नाही?" सूर्यआबा म्हणाले. "पण हा ढग बघ कसा फतकल मारून बसलाय. आधी त्याला हलव. आणि पोरी, लवकर कर हं! मी निघालो डोंगरापलीकडे."

बाप रे! सूर्यआबा गेले तर? आज ऊन नाही, आज कापूस नाही, आज दोरा नाही.  तुरतुरी टेकाडावर उभ्या उभ्या ओरडली, अगदी शेपटीपासून ओरडली.

"ढगमामाऽऽ! ढगमामाऽऽ! हला ना!
ऊन पडेना.
बोंड उमलेना.
शिंपीण शिवेना.
मुंग्या राळे देईनात.
राळ्यावाचून गोधडी हलकी.
हलक्या गोधडीत पाय थांबेनात.
पाय थांबेनात, झोप येईना.
झोप नाही, तर रांग नाही!"

ढगमामा गुबगुबीत. ढगमामा आळशी. त्यानं एवढी मोठ्ठी जांभई दिली. आऽऽऽ!

"हलीन की! का नाही? पण मला काय पाय आहेत? वारा ढकलतो तेव्हा मी हलतो. आधी वाऱ्याला आण!"

वारा! वारा कुठे असतो? तुरतुरी टेकाड उतरली. तुरू तुरू. गवतात बघितलं. नाही. ओढ्याकाठी बघितलं. नाही. तेवढ्यात आवाज आला.

घुर्रर्र... फूऽऽ! घुर्रर्र... फूऽऽ!

बांबूच्या बेटात पाचोळा पडला होता. आणि पाचोळ्याखाली वारादादा ढाराढूर झोपला होता! बघा आता. त्याला गोधडी नाही, राळे नाहीत, आणि झोप मात्र केवढी!

"वारादादा, वारादादा, उठा ना!
ढग हलेना.
ऊन पडेना.
बोंड उमलेना.
शिंपीण शिवेना.
मुंग्या राळे देईनात.
राळ्यावाचून गोधडी हलकी.
हलक्या गोधडीत पाय थांबेनात.
पाय थांबेनात, झोप येईना.
झोप नाही, तर रांग नाही!"

वारादादानं एक डोळा उघडला. "ढकलीन की... का नाही... पण आधी मला कुणीतरी नीट उठवा..." आणि डोळा मिटला.

घुर्रर्र... फूऽऽ!

आता? आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नाही! सूर्यआबा निघाले डोंगराकडे. तुरतुरीला रडू आलं. तुरतुरीला रागही आला. आणि राग आला की तिचे पाय काय करतात?

पळतात!

तुरतुरी पाचोळ्यावरच पळत सुटली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तुरू तुरू, खसफस खसफस! तुरू तुरू, खसफस खसफस! वारादादाच्या पोटावरून! पाठीवरून! काखेतून!

"ए! ए! हीहीही!" वारादादा हसायला लागला. "थांब! हाहाहा! गुदगुल्या होतात गं!"

तुरतुरी थांबली नाही. तिचे पाय थांबतात थोडेच! तुरू तुरू, खसफस खसफस!

"होहोहो! उठलो! उठलो, माझे आई!"

वारादादा उठला तो थेट आभाळात. हुश्शऽऽऽ!

मग काय विचारता!

वाऱ्यानं ढग ढकलला.
ढग बाजूला हलला.
ऊन पडलं लखलख!
बोंड उमललं फटाक्!

बोंडाकाकूनं पांढराशुभ्र कापूस काढून दिला. तुरतुरीनं तो डोक्यावर घेतला. आता चिचुंद्री दिसेचना, नुसता कापूसच पळत होता! तुरू तुरू, तुरू तुरू.

शिंपीणमावशीनं चोचीनं दोरा वळला. गर्रगर्र गर्रगर्र. मग चोच खाली, चोच वर. टुच टुच टुच टुच! "ही घे. आणि आता काट्याकडे ओढू नकोस, बरं का?"

गोधडी शिवली. तुरू तुरू, तुरू तुरू. तुरतुरी आली वारुळाशी.

"मुंगीताई, मुंगीताई, बघा! शिवली!"

मुंगीताईनं गोधडी उलटून बघितली. पालटून बघितली. प्रत्येक शिवण ओढून बघितली. मुंग्यांचं काम म्हणजे काय, चोखच. मग म्हणाली, "शाब्बास! चला गं पोरींनो!"

"हैश्शा! हैश्शा!" एकेक मुंगी, एकेक राळा. कप्पे भरले. टम्म! शिंपीणमावशी मागोमाग उडत आलीच होती. तिनं कप्प्यांची तोंडं शिवून टाकली. टुच टुच, टुच टुच.

एवढ्यात आई आली. डोक्यावर दाणे, मागे भावंडांची रांग. बघते तर काय, वारुळाशी केवढी गर्दी!

"तुरतुरी! हे काय चाललंय?"

तुरतुरीनं सगळं सांगितलं, एका दमात. "आई, मी एकटीनं ओढली, काट्यानं फाटली, मुंग्या राळे देईनात, शिंपीण शिवेना, बोंड उमलेना, ऊन पडेना, ढग हलेना, वारा उठेना, मग मी त्याला गुदगुल्या केल्या!"

"वाऱ्याला गुदगुल्या?" आईनं डोळे मोठे केले. रागवावं की हसावं? आई आधी हसली. मग म्हणाली, "चल. आता टोक तू धर, टोक मी धरते."

आणि जड गोधडी दोघींनी मिळून घरी नेली.

सूर्यआबा गेले डोंगरापलीकडे. भावंडं निजली. तुरतुरी आडवी झाली. आईनं गोधडी घातली.

"नाक बाहेर..."

"...शेपूट आत!"

पण तुरतुरीच्या डोक्यात उद्याचा माळ! नाकतोडे! टुण्णकन उड्या! आणि पाय लागले की पळायला. तुरू तुरू.

गोधडीनं हळूच दाबलं.

तुरू... तुरू...

गोधडीनं पुन्हा दाबलं.

एक पाय दमला. दुसरा पाय निजला. तिसरा पाय थोडासा हलला, अगदी थोडासा. मग तोही निजला. आणि चौथा? चौथा केव्हा निजला, ते कुणालाच कळलं नाही.

आई हळू आवाजात म्हणाली, "तुरतुरी, उद्या लांब जायचंय. माझी शेपूट धरायला रांगेत सगळ्यांत पुढे कोण येणार?"

गोधडी नुसती वर खाली, वर खाली.

"तुरतुरी? अगं, कोण येणार?"

घुर्र... घुर्र...

आईनं तिच्या नाकाची पापी घेतली.

तुरतुरीचे पाय निजले. तुमचे पाय कुठे आहेत? बाहेर? घ्या बघू आत!